बासरी : दोघांनी शिकावयाचे वाद्य

(मंडळाच्या संगीतवर्गाच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मंडळाच्या बासरीवर्गात नाव घालणारी मुले पुष्कळ, वर्षअखेर टिकणारी थोडी. मुलांना चिकाटी नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचे मत निराळे आहे. गळतीचे मोठे कारण एकट्याने करावा लागणारा रियाज हे होय. त्यावरील एक जुना, कसास उतरलेला उपाय आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

बासरीला सतारीसारखे पडदे नाहीत, पेटीसारखे बांधलेले सूर नाहीत. बोटे अचूक बसली तरी फुंक जोराची झाली की सूर चढतो, मंदावली की उतरतो. नवशिक्याच्या कानाला हा फरक एकट्याने सहसा कळत नाही. शेजारी गुरूची बासरी वाजू लागली म्हणजे मात्र तो लपत नाही. एक सूर सेकंदाला ४४० कंपनांचा व दुसरा ४४२ कंपनांचा असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो. सूर जुळत आले की हेलकावे संथ होतात, जुळले की थांबतात. गुरूने तोंडाने चूक सांगण्याची गरजच उरत नाही.

युरोपातील वादकांनी हे मर्म ओळखून शिक्षणाची पद्धतच बांधली. टेलेमान या जर्मन संगीतकाराने १७२७ साली हॅम्बुर्ग येथे अन्य साथीवाचून दोन बासऱ्यांनी वाजवावयाच्या सहा रचना प्रसिद्ध केल्या. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बासरीगुरू क्वान्ट्स याने १७५२ साली या वाद्यावर मोठा ग्रंथ लिहिला व १७५९ साली अशीच सहा द्वंद्वे छापली. राजाच्या वादनाला 'शाबास' म्हणण्याची मुभा दरबारात त्या एकट्यालाच होती, अशी ख्याती आहे. वरिष्ठांस चूक तोंडाने सांगणे किती अवघड, हे कचेरीत आयुष्य घालविलेल्यांस सांगावयास नको! फ्रान्समध्ये दव्हिएनच्या १७९४ च्या शिक्षणग्रंथात द्वंद्वांना स्थान मिळाले. पुढे पॅरिसच्या संगीतविद्यालयात १८६८ ते १८९३ पर्यंत शिकविणाऱ्या आल्तेसने आपल्या पाठांना गुरूसाठी दुसऱ्या बासरीची ओळ जोडली. अशा पाठात विद्यार्थ्याच्या वाट्याला सोपी ओळ आली, तरी दोन्ही मिळून कानी पडते ते संगीतच असते. पहिल्या महिन्यातच त्याला आपण वाजवितो आहो असे वाटते. ही लहान गोष्ट नव्हे.

कल्पना आपल्याकडेही परकी नाही. ख्यालगायक शिष्याला मागे तंबोऱ्यावर बसवितो आणि मध्येच एखादी जागा भरावयास देतो. ते याच जातीचे शिक्षण. मात्र त्यांची द्वंद्वे जशीच्या तशी उचलून चालणार नाही, कारण आपले संगीत रागाचे आहे. गुरूने षड्ज धरावा, शिष्याने त्यावर पंचम लावावा. मग जागा बदलाव्या. गुरूने पलटा घ्यावा, शिष्याने तोच परत करावा. शेवटी दोघांनी मिळून वाजवावा. श्वास कोठे घ्यावा, हेही शिष्य तेथेच शिकतो.

कोणी म्हणेल, अन्नपूर्णादेवी तर सूरबहार वाजवीत. तरी हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याजवळ शिकलेच. खरे आहे. पण चौरसिया १९५७ साली आकाशवाणीच्या कटक केंद्रावर रुजू झाले आणि त्यांची तालीम त्यानंतरची. त्यांची फुंक आधीच तयार होती. आपल्या वर्गातील मुलाची फुंक अजून घडावयाची आहे.

दुसरा आक्षेप असा की, तंबोरा हल्ली भ्रमणध्वनीतही वाजतो. तो आधार उत्तम, यात शंका नाही. पण तो वाजतो, ऐकत नाही. मुलाचा श्वास तुटला तर गुरू थांबतो, लय हलली तर सावरून घेतो. यंत्राला त्याची वार्ताही नसते.

सरकारी नोकरीत टिपणाच्या तळाशी प्रस्ताव लिहावाच लागतो, तो असा. वीस मुलांना एकत्र शिकविण्यात तास संपतो आणि एकेकाचा सूर त्या गर्दीत हरवतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाला आठवड्यातून दहा मिनिटे तरी गुरूंच्या जोडीने वाजविण्यास मिळावीत आणि उरलेल्या वेळी मोठ्या विद्यार्थ्याने लहानाची जोड घ्यावी. शिक्षकांचा वेळ वाढेल, मानधनही वाढवावे लागेल. परंतु पन्नास वर्षे परप्रांतात एकमेकांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या मंडळाला हा खर्च जड वाटू नये. कार्यकारिणीने याचा विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.