हुशारी आणि शहाणपण
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक मला म्हणाले, "तुझ्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी पाच मिनिटं बोल, पण प्रवचन नको." प्रवचन मला येतही नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना माझ्या धर्माची ओळख डब्यातल्या नाताळच्या करंज्यांपुरतीच. आज त्यापलीकडचं थोडं सांगते.

शाळेत मी हुशार समजली जायची. पुढे इंजिनिअर झाले, वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये काढला. हुशारी म्हणजेच शहाणपण, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तो गैरसमज चाकणच्या एका कारखान्यातल्या ऑपरेटरने दूर केला.

तिथे तयार मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्या टीमने बसवलं होतं. एक दिवस त्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, शिफ्ट बदलताना स्क्रीनवर दोन-चार नग कमी दिसतात." मी ऑफिसात बसूनच तपासलं, कुठे एरर नव्हती. म्हणाले, "दादा, स्कॅन नीट करत जा," आणि फोन ठेवला.

पुढे महिन्याचा हिशेब जुळेना. स्कॅन करायचं राहतं, हा हलगर्जीपणा आहे, असा ठपका त्याच्यावर आला. माणूस कंत्राटी. त्याला काढायचं जवळजवळ ठरलं होतं, फक्त आमचा रिपोर्ट यायचा होता.

त्या रात्री मी पुन्हा तपासायला बसले. लाइनवरच्या मशीनचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक होता. त्या मिनिटांत स्कॅन झालेले नग कुठल्याच शिफ्टमध्ये धरले जात नव्हते. तो प्रोग्राम मी लिहिलेला. "शिफ्ट बदलताना" हे उत्तर त्याने पहिल्याच वाक्यात दिलं होतं, आणि मी ते ऐकलंच नव्हतं.

"कारण निश्चित सांगता येत नाही, एवढंच लिही," असा सल्ला मला मिळाला. त्यात खोटं काही दिसलं नसतं. फक्त एकाची नोकरी गेली असती.

तेव्हा लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेली शलमोन राजाची गोष्ट आठवली. देव त्याला म्हणतो, हवं ते माग. तो धन मागत नाही, दीर्घायुष्य मागत नाही. लोकांचा न्याय नीट करता यावा म्हणून समज मागतो. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ आहे 'ऐकणारं हृदय'. मी देवाकडे आजवर मार्क मागितले, नोकरी मागितली, घर मागितलं. ऐकणारं हृदय कधी मागितलं नव्हतं. बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकात तर शहाणपण ही एक स्त्री आहे, आणि ती रस्त्यावर, चौकात, वेशीपाशी उभी राहून हाका मारते. म्हणजे आपल्या पिंपरी कॅम्पातल्या बाजारातही ती भेटायची. मला तिची हाक फोनवर आली होती.

रिपोर्टमध्ये चूक माझी आहे, असं स्वच्छ लिहिलं. त्याची नोकरी राहिली. माझं त्या वर्षीचं प्रमोशन गेलं, आणि वाईटही वाटलं. खोटं कशाला बोलू? कारखान्यात जाऊन त्याची माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मी सांगितलं होतं ना."

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेत समाजसुधारक म्हणून माहीत झाल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. याच रमाबाईंनी पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक त्या त्यासाठी शिकल्या. एवढं संस्कृत जिभेवर असताना मराठी मात्र साधी ठेवली, कारण ते खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बायकांना कळायला हवं होतं. 1922 मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्या भाषा येणं ही त्यांची विद्वत्ता. समोरच्या बाईला काय कळेल ते ओळखून लिहिणं, हे त्यांचं शहाणपण.

आमच्याकडे म्हणतात, देवाचं भय हा शहाणपणाचा आरंभ. मला त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा लागला : शेवटचा शब्द माझा नाही, हे लक्षात ठेवायचं. मग समोरच्याचं ऐकू येऊ लागतं. घरी मुलीशी बोलताना हे मला अजून जमत नाही. प्रयत्न चालू आहे.

जाता जाता एक कबुली. आपल्या वर्गातले कितीतरी जण आयटीआय करून याच पट्ट्यातल्या कारखान्यांत लागले. शाळेत मी पहिल्या बाकावर बसायचे, आणि मागच्या बाकांवरून कोणी उत्तर दिलं की मान वळवूनही बघत नव्हते. मित्रांनो, तेव्हा तुमचं ऐकायचं राहिलं. आज जेवणानंतर मी तुमच्यातच बसणार आहे. तुम्ही बोला, मी ऐकते.