तारामतीचे दाम



दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. कथा तुम्हांस ठाऊकच आहे. विश्वामित्राला वसिष्ठाची ईर्षा, राजाला आपल्या शब्दाची अब्रू, आणि बाजारात उभी राहिली तारामती! राजाही स्वतःला विकतो, हे खरे. पण शब्द त्याने दिला होता. तिला कोणी विचारले? कीर्तनात मात्र आपण राजाच्याच सत्त्वाला माना डोलावतो.

आता गंमत ऐका. पडद्यावरची ती तारामती बाई नव्हतीच. अब्रू जाईल म्हणून एकही बाई कामाला येईना. तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस लुगडे नेसविले. त्याग बाईचा, पण तो दाखविण्याचीही तिला चोरी! पुढे 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई धीराने उभ्या राहिल्या.

आणि पडद्यामागे? सरस्वतीबाई फाळक्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, साऱ्या मंडळींच्या भाकऱ्या भाजल्या, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडली.