ऐकू येतंय का? ओव्हर!

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



तुम्ही मला बँकवाले काका म्हणून ओळखता. पण बँकेच्या आधी मी 15 वर्षं लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये रेडिओ ऑपरेटर होतो.

1968 साली औरंगाबादहून छोट्या लाइनच्या गाडीने मनमाडला गेलो, तिथून मोठी गाडी पकडून जबलपूरला. तिथे मोर्स शिकवायचे. ‘ए’ म्हणजे डिट-डा, ‘आय’ म्हणजे डिट-डिट. झोपेतसुद्धा बोटं चालायची. एकदा जेवताना घरची आठवण आली आणि चमच्याने थाळीवर नकळत वाजवलं: डिट-डा, डिट-डा, डिट-डिट. मागे उस्ताद उभे! “ए-ए-आय? ये कौनसा कोड है?” म्हटलं, “आई. मराठी में मां को बोलते हैं, उस्ताद.” ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मां को चिट्ठी लिख. और मैदान के दो चक्कर लगा!”

रेडिओवर ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं. सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ आमच्याकडे चालत नसे. लग्न ठरल्यावर सासऱ्यांना ट्रंककॉल लावला आणि सवयीने शेवटी म्हणालो, “तब्येत ठीक आहे ना? ओव्हर!” ते घाबरून म्हणाले, “अहो, काय ओव्हर झालं? लग्न मोडलं की काय?”

1971 च्या युद्धात मी पश्चिम सीमेवर होतो. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो. पुढे बँकेत खातेदाराची सही ओळखायचो, तसा आम्ही पलीकडचा माणूस ओळखायचो. एका दूरच्या चौकीवरचा ऑपरेटर मी कधी पाहिला नव्हता, पण त्याचा हात पक्का ठाऊक होता. डिसेंबरमध्ये एका रात्री तिकडून वेगळाच हात आला. नियमाप्रमाणे विचारता येईना. तीन रात्री तसंच. चौथ्या रात्री तोच जुना हात! घशाशी खूप काही आलं होतं, पण पाठवायचं ते एकच अक्षर पाठवलं: डिट-डा-डिट. मिळालं. त्याचं नावही मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून आपण मीटिंगमध्ये सगळे एकदम बोललो; ‘ओव्हर’ कुणीच म्हटलं नाही! पण जिन्यात कुणाची काठी वाजते, पहाटे कुणाचा रेडिओ लागतो, हे आपल्याला पाठ आहे. यातला एखादा आवाज दोन दिवस आला नाही, तर दारावर टकटक करा. आपल्याला विचारायची कुणाची बंदी नाही.

माझं बोलणं झालं. पण ‘आउट’ म्हणत नाही, कारण आता तुम्ही बोलायचं. ओव्हर!