सही त्यांची, जागरण माझं

(८ मार्चच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या शहरातल्या सल्ला केंद्रात मी पंचवीस वर्षं टेबलाच्या एका बाजूला बसले. आज दुसऱ्या बाजूने बोलते आहे. माझ्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश होऊन सहा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मी ते लपवलं. बायकांनी घरातलं दुखणं बोलून दाखवावं असं सगळ्यांना सांगणारी मी, शेजारणीला म्हणायचे, "वय झालं, विसरतात."

औरंगपुऱ्यात भाजी आणायला गेलेला माणूस गुलमंडीवर रडत उभा सापडला, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ही चूक तुम्ही करू नका. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड बिघडलं तरी स्मरण जातं, आणि ते उपचाराने सुधारू शकतं. 'म्हातारचळ' म्हणून घरी बसू नका, घाटीत नेऊन दाखवा. आमच्या बाबतीत मात्र आजार सुधारणारा नव्हता.

एका रात्री हे मला म्हणाले, "अहो बाई, तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?" लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच मला 'अहो' म्हणाले. (हसता काय, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी.) त्याच रात्री, मी पेन्शनचे पैसे चोरले म्हणून त्यांनी काठी उगारली. चोरीचा आळ, बायकोच्या चारित्र्याचा संशय, संध्याकाळ झाली की वाढणारी बेचैनी, हे या आजारात पुष्कळदा होतं. पहिली थप्पडही सहन करू नकोस, हे मी शेकडो जणींना सांगितलं आहे. आता स्वतःला काय सांगायचं? मारणारा आजारी आहे, तरी लागतं ते मलाच. मी काठी माळ्यावर टाकली, माझ्या खोलीला आतून कडी बसवली आणि मुलाला बोलावून घेतलं. तो येताना म्हणाला, "आई, तूच त्यांना सांभाळू शकतेस." हे वाक्य प्रत्येक घरात प्रेमानेच बोललं जातं.

केंद्रात एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याने तिला जन्मभर मारलं. आता त्याला स्वतःची अंघोळही जमत नाही. सासरचे म्हणतात, त्याला काही आठवत नाही, तूही विसर. ती म्हणाली, "त्याला आठवत नाही, मला आठवतं." आमच्यात तिच्यावरून वाद झाला. काही जणींना वाटलं, आजारी माणसाला टाकायचं नाही. टाकायचं नाहीच, पण त्याचा अर्थ तिनेच त्याला धुवायचं असा होत नाही. मुलं आहेत, भाऊ आहेत, त्यांनी हात लावावा, नाहीतर पैसे घालून माणूस ठेवावा. माझं मत आजही तेच आहे.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला १३४ मिनिटं जातात, आणि जे पुरुष देखभाल करतात त्यांची ७६. रात्री एक डोळा उघडा ठेवून झोपणं कुठल्या रकान्यात भरायचं? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा आजार आहे. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. म्हणजे सेवा करून थकलेल्या बाईला तो झाला, तर तिचं कोण करणार?

आता सहीचं सांगते. मदतीला ठेवलेल्या बाईच्या पगारासाठी मुदतठेव मोडायला गेले. बँक कोणती ते सोडा. ठेव एकट्या ह्यांच्या नावावर, आणि ह्यांची सही आता जुळत नाही. मी ऐटीत कुलमुखत्यारपत्र पुढे केलं. पण करार कायद्याच्या २०१ कलमाप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की ते संपतं. म्हणजे गरज पडते नेमकं तेव्हाच तो कागद निरुपयोगी! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेसाठी नाही. त्यासाठी पालक म्हणून नेमणूक मागत कोर्टाची पायरी चढावी लागते. बायको म्हणून जन्मभर घर चालवलं, तरी तिची सही चालत नाही. १९७४ चा रेल्वे संप घडवणारे, देशाचे संरक्षणमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस यांना हा आजार झाला, तेव्हा त्यांच्याजवळ कोणी राहायचं हा वाद २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यांचं हे, तर सिडकोतल्या दोन खोल्यांत किंवा पैठणकडच्या सात-बाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं काय?

म्हणून आपल्या बैठकांत हे आत्ताच बोला, नवरा शहाणासुरता असताना. घर दोघांच्या नावावर करून घ्या. खातं आणि ठेव 'दोघांपैकी कोणीही' अशी करा. वारस नोंदवा, मृत्युपत्र करा. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं तो विचारील. विचारू द्या. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी शेतकरी घरांतून बायकोच्या नावे जमीन झालीच ना? आणि महापालिकेकडे जाऊन अशा आजाऱ्यांसाठी दिवसभराचं केंद्र मागू या. पाळणाघर मागितलं होतं तसंच.

अजून बोलले असते, पण शेजारची मुलगी ह्यांच्याजवळ चारपर्यंतच बसणार आहे. तिचा क्लास असतो. काही विचारायचं असेल तर लवकर विचारा, मला रिक्षा पकडायची आहे.