डी कीला सेफ्टी कॅच

निवृत्तीनंतर मी डेहराडूनला राहतो आणि ईमेल मटवर वाचतो. मायकल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम. सगळं काम कीबोर्डवर.

आमच्या युनिटमधल्या एका वीरपत्नीचं पेन्शनबद्दल पत्र आलं होतं. माझ्याकडून चुकून डी दाबली गेली. मटमध्ये डी म्हणजे डिलीट. तेव्हा फक्त खूण होते, यू दाबलं की ती निघते. पण बाहेर पडताना मट विचारतो, खूण केलेली पत्रं काढून टाकू? नुसतं एंटर मारलं, तर उत्तर ‘हो’ धरतो. मी सवयीनं एंटर मारलं. पत्र गेलं. ताईंना फोन करून पुन्हा पाठवायला सांगितलं. शेजारच्या मुलाला विनवून त्यांनी ते टाइप करून घेतलं होतं. फार ओशाळलो.

त्याच रात्री डॉट मटआरसी ही फाइल उघडून तीन ओळी घातल्या. टाइप मात्र इंग्रजीत करायच्या:

बाइंड इंडेक्स,पेजर डी नूप
बाइंड इंडेक्स,पेजर कॅपिटल डी डिलीट-मेसेज
सेट डिलीट=आस्क-नो

पहिलीनं साधी डी निकामी झाली. दुसरीनं डिलीटला शिफ्ट लागू लागलं. तिसरीनं एंटरचं उत्तर ‘नाही’ झालं. मट पुन्हा सुरू करा, प्रश्नचिन्ह दाबा आणि यादीत बदल दिसतो का ते तपासा.

दमलेलं बोट चुकतं, म्हणून तर रायफलला सेफ्टी कॅच असतो. ईमेललाही बसवून घ्या.