जुन्या मोटारीचें कूलंट

जुनी मोटार तापूं लागली कीं मालक रेडिएटरांत नळाचें पाणी ओततो. त्यांतील क्षार आंत थर धरतात, धातु गंजतो आणि भर घाटांत इंजिन बंद पडतें. कूलंट हाच खरा उपाय. पण तें रंगावरून निवडूं नये, कारण रंग उत्पादकाच्या मर्जीचा असतो.

जुन्या फियाट-अँबॅसडरचा रेडिएटर तांब्यापितळेचा, सांधे शिशाच्या डाखाचे. त्यांना सिलिकेटयुक्त जुन्या पद्धतीचें कूलंट मानवतें. केवळ सेंद्रिय आम्लांचें नवें कूलंट डाखास बाधण्याचा संभव असतो. दोहोंची सरमिसळ तर टाळावीच.

इंजिन निवाल्यावर जुनें कूलंट काढावें, रेडिएटर धुवावा, नवें समभाग ऊर्ध्वपातित पाण्यांत मिसळून भरावें व दर २ वर्षांनीं बदलावें. त्यांतील इथिलीन ग्लायकोल गोड परंतु विषारी असतें. काढलेलें कूलंट मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.