रॉकेलपासून ठिबकपर्यंत
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



लॅटरलचे अंतर, ड्रिपरचा प्रवाह, विद्राव्य खतांची मात्रा हे विषय दुपारच्या सत्रात आहेतच. मी ठिबक घराघरांत नेणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. आपल्या घरातील शिकलेला मुलगा 'शेती नको, धंदा करतो' म्हणाला, तर ही हकिगत त्याला जरूर सांगा. पण पूर्ण सांगा.

भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली जळगाव जिल्ह्यातील वाकोद या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झाले, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली. ती त्यांनी नाकारली. घरची जमापुंजी ७ हजार रुपये. त्यावर १९६३ मध्ये रॉकेल विक्री सुरू केली. पुढे इंजिने, ट्रॅक्टर, खते, बियाणे, पाइप अशा एजन्सी आल्या. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. माल बदलत गेला, गिऱ्हाईक मात्र तेच, म्हणजे शेतकरी. इंजिन नेणाऱ्याला पाइप लागतो, हे दुकानदाराला वेगळे शोधावे लागत नाही.

१९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना सुमारे ३० लाखांना घेतला. भुकटीऐवजी तेथे पपेन काढायचे ठरवले. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातील पाचक द्रव्य. मांस मऊ करण्यासाठी आणि औषधांत ते वापरतात, परदेशात त्याला मागणी असते. चीक पहाटे काढावा लागतो. हिरव्या फळावर उभ्या, उथळ चिरा द्यायच्या आणि ओघळणारा चीक लोखंडाचा स्पर्श होऊ न देता गोळा करायचा. चिरा दिलेले फळ बाजारात देखणे दिसत नाही, म्हणून ते टुटीफ्रूटीकडे जाते. एका झाडाची दोन उत्पन्ने होतात. असा हिशेब आपण आपल्या पिकाचा किती वेळा मांडतो?

१९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन आले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक. मला त्यांचे खरे काम येथे दिसते. नळ्या विकून ते थांबले नाहीत. शेताची मोजणी, आराखडा, जोडणी आणि नंतर पिकाचा सल्ला द्यायला कृषी पदवीधर बांधावर पाठवले. विस्तार कार्य करणाऱ्या आम्हा मंडळींनी याचा हेवा करावा असेच ते काम होते! ठिबकच्या जोडीला ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी आली. कंदाच्या लागवडीत बाग मागेपुढे निसवते. ऊतिसंवर्धित रोपांची बाग साधारण वर्षभरात, बरीचशी एकदम कापणीस येते. मजुरी आणि वाहतूक दोन्ही सोपी होतात.

आता दुसरी बाजू. १९९० च्या दशकात कंपनी वित्त, संगणक अशा अनोळखी धंद्यांत शिरली आणि मोठा तोटा झाला. भवरलालजींनी भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि कंपनी पुन्हा शेतीकडे वळवली. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांची चारही मुले कारभारात होती.

एक अडचण मात्र जुनीच होती. ठिबकच्या अनुदानाची रक्कम राज्य सरकारांकडून मिळायला फार वेळ लागे. माल शेतात जाई, पैसा कागदावर राही, आणि मधली पोकळी कर्जाने भरावी लागे. उधारीचे कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांना हे दुखणे समजावून सांगायला नको. कंपनीने पुढे रोखीच्या विक्रीवर भर दिला, तरी २०१९ मध्ये कर्जफेड थकली. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा भार उतरवण्यात आला. देशातील ठिबक, पाइप आणि रोपांचे काम जळगावहून चालू राहिले.